कानबाईची रिकामी खुर्ची

लोक सुरतेला जातात ते साड्या घ्यायला आणि लोचो (वाफवलेल्या डाळीचा मऊ, मसालेदार पदार्थ) खायला. मी गेले ते तिथून लगेच उडून जायला. सुरतेहून खानदेशात एक लहानसं, पंख्यांचं विमान जायचं आणि ते आता बंद होणार होतं. साताऱ्याच्या सरकारी कचेरीत माझी सारी नोकरी अनुदानाच्या फायलींत गेली. कोण पात्र, कोण अपात्र, एवढंच आयुष्यभर पाहिलं. तेव्हा निवृत्तीनंतर एक तरी अनुदान आकाशात उडताना बघावं, असं मनात आलं. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते खरंच आहे.

उतरले सुरतेतल्याच बमरोली भागात, सिंधुताईंकडे. आमच्या साताऱ्याच्या शेजारीणबाईंची ही बहीण. मूळची खानदेशची, नवऱ्याबरोबर गिरणीच्या कामाला आली आणि इथेच राहिली. नवरा आता नाही. मुलगा सुनील पांडेसऱ्यात कापड रंगवण्याच्या कारखान्यात आहे. गल्लीत सकाळी वाफेचा आणि रंगाचा उबदार वास पसरलेला असतो. समोरच्या गच्चीवर ओले कपडे हळूहळू हलत होते आणि मला वाटलं, या शहराला अजून पुरती जाग आलेली नाही.

सिंधुताईंनी शेवभाजी वाढली, तिखट अशी की नाका-डोळ्यांतून पाणी आलं. मग देवघरातली कानबाई दाखवली. कानबाई म्हणजे खानदेशातल्या घरोघरची देवी. श्रावणात तिची स्थापना होते, सारे भाऊबंद जमतात. ही देवी म्हणजे एक जुना, सुकलेला नारळ. नाकात नथ, चांदीचे डोळे. थोरल्या घराचा मान म्हणून तो सिंधुताईंकडे असे आणि दर श्रावणात गावी जाई. सुनील तो रेल्वेने पुढे नेई. सिंधुताई मणक्याच्या दुखण्यामुळे मागून विमानाने जात, कारण रेल्वेत इतका वेळ बसणं त्यांना सोसत नसे.

"विमान का बंद होतंय, बेन?" त्यांनी विचारलं. (बेन म्हणजे बहीण, सुरतेत हा शब्द सगळ्यांच्या तोंडी.)

मी माझं ज्ञान पाजळलं. जिथे विमान येत नाही किंवा फारच कमी येतं, तीच धावपट्टी मदतीला पात्र. पहिली काही वर्षं सरकार तूट भरून देतं, मग विमानाने आपल्या बळावर उडायचं. या विमानाची मुदत संपली आणि प्रवासी काही वाढले नाहीत.

"पोऱ्या चालाले लागना का बोट सोडी देतस, तसंच ना?" सिंधुताई आपल्या खानदेशी बोलीत म्हणाल्या. "आनि पडना का परत धरतस?"

"धरतात. विमान थांबलं की धावपट्टी ओस, म्हणजे पुन्हा पात्र."

त्या खूप हसल्या. मग देवीची नथ सरळ केली. पुढच्या वर्षापासून गावी जाणं नाही, म्हणून कानबाई धाकटा दीर हिम्मतदादा यांच्याकडे कायमची सोपवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. शेवटचा प्रवास देवी कुणाच्या पिशवीतून करणार नव्हती. "ती मनी (माझ्या) मांडीवरच जाई."

शुक्रवारी आम्ही डुमसच्या रस्त्याने विमानतळावर गेलो. सुनील कामावर होता. तपासणीच्या पट्ट्यावरून सिंधुताईंची पिशवी आत गेली आणि थांबली.

"माँजी, नारियल नहीं जाएगा," जवान म्हणाला.

"नारियल नहीं है, देवी है."

त्याने चांदीचे डोळे पाहिले आणि नकळत हात जोडले. पण नियम नियमच. सामानातही ठेवता येईना. सुकं खोबरं पेट घेतं म्हणे. मी म्हटलं, सुनील आणेल रेल्वेने, तुम्ही चला. सिंधुताईंनी मान हलवली.

"मंग मी बी जावाव नही. बेन, तू जाय. हिम्मतले सांग, कानबाई यावाले नही म्हनस. तुम्हीच या."

मला वाईट वाटलं, रागही आला. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र चक्क सुटका होती. नारळ पदरात गुंडाळून त्या रिक्षाकडे निघाल्या, त्या जवळजवळ मणका विसरूनच.

विमान उडालं. शेजारची खुर्ची रिकामी होती. हवाई सुंदरीने तिचाही पट्टा नीट लावून ठेवला. खाली मिठागरांचे आरसे, समुद्राला मिळता मिळता रुंद झालेली तापी आणि पांडेसऱ्याच्या धुराड्यांतून निघणारी पांढरी वाफ. विमान इतकं सावकाश चाललं होतं की ढग आमच्याबरोबर चालताहेत असं वाटावं. मी कधी खिडकीकडे बघत होते, कधी त्या पट्ट्याकडे.

उतरल्यावर पाहते तर फाटकाबाहेर सारे भाऊबंद उभे. बायकांच्या हातात ओवाळणीची ताटं, एक डफवाला. एवढ्या लोकांसमोर मी एकटी हात हलवत बाहेर आले. ओशाळून हिम्मतदादांना निरोप सांगितला. डफ थांबला. त्यांनी रिकाम्या धावपट्टीकडे एकदा पाहिलं.

"कानबाई सोडाले वहिनीनं मन व्हतंच नही," ते म्हणाले. मग बायकांकडे वळले. "गहू धोयेल शेतस ना? बांधा. सुरतले जाऊत."

गावची कानबाई गावाबाहेर कधी मांडली नव्हती. तरी शनिवारी सारा गोतावळा गव्हाच्या पोटल्यांसह रेल्वेत बसला. त्यांच्यात मीही.

रविवारी बमरोलीत कानबाई बसली. जागा अपुरी, म्हणून गल्लीत मांडव. सिंधुताई कुणालाही आपल्या मनाने काही करू देईनात. पाटावर बसून हुकूम सोडत होत्या आणि मधेच डोळे पुसत होत्या. रोटाचं ताट आलं. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू दळून केलेला हा प्रसाद. मी हात पुढे केला, तोच सुनीलच्या बायकोने ताट मागे घेतलं. रोट फक्त भाऊबंदांचा. परक्याला द्यायचा नसतो.

"रोट तुले चालाव नही, बेन," सिंधुताई अपराध्यासारखं म्हणाल्या.

जन्मभर मी लोकांना अपात्र ठरवलं. मला कुणी ठरवण्याची ही पहिलीच वेळ. हसू आलं. मी खीर खाल्ली.

सोमवारी तापीवर विसर्जन झालं. देवीला पाण्याचा स्पर्श करून नारळ परत घरी आणतात, आणि ते घर आता सिंधुताईंचंच राहणार होतं. रिक्षात सिंधुताई माझ्या शेजारी बसल्या. रस्ता खड्ड्यांचा, आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांचा हात कमरेकडे जाई. शेवटी त्यांनी देवी माझ्यापुढे धरली.

"मला चालेल?" मी विचारलं.

"रोटनी गोष्ट येगळी. मांडीवर लेवाले कोन नही म्हनस? धर."

मी ओल्या नारळाभोवती दोन्ही हात गुंफले, त्या रिकाम्या खुर्चीच्या पट्ट्यासारखे, आणि बमरोली येईपर्यंत सोडले नाहीत.