शिळा पेपर

लोणच्याच्या बरणीला ओला हात लागू नये म्हणून बायका जेवढ्या जपतात, त्याहून जास्त आमचे घरमालक चाचा आपल्या मनाला जपत. असा दुसरा माणूस मी पाहिला नाही, आणि एकच भेटला हे बरंच झालं, कारण अशा माणसाच्या शेजारी राहणं सोपं नसतं. मी आरमोरीच्या शाळेत लागले तेव्हा त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होते. त्यांचं बसस्टँडजवळ कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईक भांडायला आलं की चाचा शांतपणे चष्मा काढून पुसत बसायचे. "चष्म्याशिवाय मले नीट आयकू येत नाई, भाऊ," असं म्हणायचे. समोरचा ओरडून दमला की चष्मा डोळ्यांवर चढायचा. वाईट बातमी तर ते उपाशीपोटी ऐकतच नसत. एकदा वादळात दुकानाचे पत्रे उडाले. सांगायला आलेल्या माणसाला त्यांनी आधी ताटावर बसवलं. बिचारा "चाचा, पत्रे..." म्हणायचा आणि चाचा त्याला भात वाढायचे. तोवर वरून पाऊस दुकानातल्या कापडाच्या सगळ्या ठाणांवर पडत होता.

पण सगळ्यात कहर होता तो पेपरचा. दारात आलेला ताजा पेपर ते गादीखाली ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे. शेजारी चाची सुपात तांदूळ निवडत ऐकायच्या, त्यांना वाचता येत नव्हतं. ही सवय म्हणे भामरागडची. तरुणपणी चाचांचं दुकान तिकडं होतं, आणि पावसाळ्यात रस्ता बंद झाला की पेपरचा गठ्ठा आठवड्यानं यायचा. "आठ दिवस दुनिया बुडून राह्यली होती, अन् मी मजेत जेवून राह्यलो होतो," चाचा म्हणायचे. "ताजी बातमी पचत नाई, बाई." मला मात्र ताजा पेपर लागायचा. तो वाचायची परवानगी होती, पण घडी मोडायची नाही आणि वाचून झाल्यावर तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. आता माझं तोंड म्हणजे उघडा फळा, पण मी आपली निभावून न्यायची.

एका पावसाळ्यात त्यांची मुलगी बाळंतपणाला येणार होती. तिला भामरागडलाच दिली होती, जावयाचं तिथं किराणा दुकान होतं. दिवस भरत आले आणि नेमकं पुलावर पाणी चढलं. रस्ता बंद, फोन मुका. चाची दिवसातून दहा वेळा दारात यायच्या. चाचा मात्र पान जमवत बसलेले.

अशात एका सकाळी मी पेपर उघडला. भामरागडच्या बाजूला नदी ओलांडताना डोंगा उलटला होता. एक गरोदर बाई वाहून गेली होती, नाव कळलं नव्हतं. पेपर घडी करून गादीखाली ठेवला आणि शाळेत गेले, पण शिकवण्यात कसलं लक्ष! खरं सांगते, मला चाचांचा भयंकर राग आला. यांनी आपलं मन जपायचं आणि यांच्या वाटणीचं ओझं मी दिवसभर उरावर वाहायचं?

संध्याकाळी ते माझ्या दारात आले. चष्मा हातात होता.

"डोंग्याचं वाचलं ना तुमी?" ते हळूच म्हणाले. "मीबी वाचलं. रोज सकाळी बसस्टँडवर वाचूनच घेतो मी."

मी खुर्ची पुढं केली, पण ते उभेच राहिले.

"तिले अक्षर येत नाई, पण माहा चेहरा वाचते. आमचं पहिलं पोरगं तिकडंच गेलं, तवापासून तिचं मन कच्चं हाय. माहा चेहरा ठिकाणावर यायले एक दिवस लागते, म्हणून शिळा पेपर. वाचताना काय गाळाचं ते तेवढ्यात ठरवून ठेवतो."

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो पेपर वाचला. डोंग्याच्या बातमीपाशी आवाज जरासुद्धा न हलवता ते धानाच्या भावावर गेले. मग ते दुकानात गेल्यावर चाचींनी सूप खाली ठेवलं आणि माझा हात धरला.

"डोंग्याचं कालच नळावर आयकलं मी. ह्यायले सांगू नका, बाई. ह्यायचं मन शांत हाय, तसंच राहू द्या."

आता मला दोघांचीही शांतता सांभाळायची होती. माझ्या शांततेची चौकशी कोणी करत नव्हतं.

अखेर पाणी उतरलं आणि एका दुपारी दारात जीप थांबली. मुलगी उतरली, पदरात गुंडाळलेलं बाळ घेऊन. चाची उंबऱ्यातच बसल्या. "डोंग्यात तू नोयती... डोंग्यात तू नोयती," एवढंच म्हणत राहिल्या.

मागून धावत आलेले चाचा थबकले. "तुले मालूम होतं?"

"तुमाले होतं?"

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी बाळाकडं पाहू लागले.

जरा वेळानं डोळे पुसून चाचींनी विचारलं, "मंग डोंग्यातली ती कोणाची पोरगी होती, माय?"

"आमच्याच गल्लीतली," मुलगी म्हणाली. "तीबी बाळंतपणाले मायच्या घरीच निघाली होती, अम्मी."

चाची पुन्हा रडू लागल्या. चाचा त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर टेकले आणि तेही रडले, तोंड न लपवता. त्या घरात मी पुढं पुष्कळ दिवस राहिले, पण त्या दोघांना इतकं जवळ बसलेलं मी त्या एका दुपारीच पाहिलं.