जीपच्या मापाची वाट

तुमच्यातल्या धाकट्याने परवा फोनवर विचारले, "आजी, नवी गाडी जुन्या जीपसारखी कुठेही जाऊ शकते का?" आजोबांनी "हॅट्!" म्हणून फोन माझ्या हातात दिला. एका शब्दात उत्तर देणे हा त्यांचा स्वभाव. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवले आणि मुलांकडून कारणांसह उत्तरे लिहून घेतली. तेव्हा कारणांसह लिहिते.

आपले घर पावस गावाच्या वर, सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळाच्या कडेला. डांबरी रस्ता खालीच संपतो आणि तिथून आंब्याच्या कलमांच्या बागांमधून चढणीची वाट घरापर्यंत येते. पावसाने खरवडलेला उघडा जांभा, मध्येच पायरीसारखा उंच, मध्येच खड्डा. दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे जांभ्याचे दगड नुसते एकावर एक रचून केलेली कुंपणे. वर चढताना डावीकडची बाग आपली, उजवीकडची आजोबांच्या चुलत भावाची. वाट दोघांची सामाईक.

दर पावसाळ्यात गडगा कुठे ना कुठे ढासळतो. नंतर तो पुन्हा रचायचा. रचताना तो थोडासा सरकतो, आणि का कोण जाणे, नेहमी वाटेच्या बाजूलाच सरकतो. दोघा भावांनी एकमेकांच्या बागेतली मूठभर मातीही कधी घेतली नाही. जे घेतले ते वाटेतून. फार झाले असे कुणी म्हटले की दोघांचे उत्तर एकच असे, "जीप जाते ना? मग वाट मोकळी आहे." अशी ती वाट हळूहळू आपल्या जीपच्या मापाची झाली. दोन्हीकडे जेमतेम हाताची मूठ राहील एवढी जागा.

गेल्या पावसाळ्यात एका पहाटे आजोबांच्या छातीत दुखू लागले आणि जीप सुरूच होईना. शेवटी चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली रस्त्यापर्यंत उचलून नेले. त्या चौघांत हा चुलत भाऊही होता, आणि तेव्हा दोघांचे बोलणे बंद होते. जीपने दगा दिला हे आजोबा अजून मान्य करत नाहीत. "बॅटरी उतरली होती," म्हणतात, जणू बॅटरी जीपचा भाग नव्हेच.

तुमचे बाबा धावत आले. परत जाण्याआधी त्यांनी नवी गाडी नोंदवली आणि एक अट घातली. ही गाडी दारापर्यंत येत असेल तरच आम्ही इथे राहायचे. नाहीतर रत्नागिरीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तयार आहे. तो मी पाहून आले आहे. स्वच्छ आहे, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप दिसतात. आजोबा तिथे पाच मिनिटे उभे राहिले आणि म्हणाले, "बोटीवरची केबिन मोठी होती." त्यांची हयात बोटीच्या इंजिनखोलीत गेली, पण वर डेकवर आले की समुद्र तरी दिसायचा.

गाडी आली. सुंदर होती, आणि जीपपेक्षा रुंद होती. आम्ही तिला खाली फणसाच्या सावलीत उभी करू लागलो आणि चालत वर येऊ लागलो. पण ती गाडी कुठे आहे हे तुमच्या बाबांना तिकडे फोनवर दिसते, हे आम्हाला कुठे ठाऊक?

"आई, गाडी खाली रस्त्यावरच का दिसते?"

"वाटेवर आलेल्या फांद्या तोडतोय," मी म्हटले. पुढच्या वेळी फांद्याही उरल्या नव्हत्या.

"उद्या संध्याकाळी अंगणातल्या गाडीचा फोटो पाठव," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गिरणीवरून तांदळाच्या गोण्या आणल्या. मागची सीट पाडून त्या छपरापर्यंत रचल्या आणि तसेच वर निघालो. आजोबांनी बाहेरचे आरसे मिटून घेतले. गाडी लगेच किंचाळू लागली, डावीकडून, उजवीकडून, पुढून. तिला सगळीकडे संकटच दिसत होते. जांभ्याच्या पायरीवर चाक जरा घसरले की ती आपणहून इंजिनचा जोर काढून घ्यायची. नेमका जोर हवा असे तेव्हाच.

"अगं, ही मला विचारतच नाही!" आजोबा म्हणाले.

अर्ध्या वाटेवर, सर्वांत अरुंद जागी, खालून करकर आवाज आला. समोरचा पडदा लाल झाला. वाचणे माझे काम. ब्रेकमध्ये बिघाड आहे, गाडी सुरक्षित जागी थांबवा, असे लिहिले होते. जागा निवडायला तिने वेळ दिला नाही. हँडब्रेक तिने स्वतःच आवळला. जीपमध्ये त्याला दांडा आहे. इथे एक बटण. आजोबांनी ते दाबले, ओढले, मग ठोकले. काही नाही.

माझे दार चार बोटे उघडले आणि गडग्याला टेकले. त्यांचे तेवढेही नाही. मागे तांदूळ. जीपला दारेच नाहीत, असे अडकायचा प्रश्नच कधी आला नव्हता. काचा खाली घेतल्या तर दोन्हीकडून तापलेल्या दगडांची धग आत येऊ लागली. आजोबांच्या कपाळावर घाम होता. तो उन्हाचा की दुसऱ्या कशाचा, हे त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नव्हते, आणि त्यांच्या गोळ्या घरात होत्या.

फोन वाजला. "आई, गाडी मध्येच का थांबलीय?"

"थांबलो आहोत जरा."

"बाबा बरे आहेत ना? थोड्या वेळाने पुन्हा करतो."

आजोबांनी हॉर्न वाजवला. उजव्या गडग्यावर चुलत भाऊ उगवला. हातात कोयती, डोक्याला पंचा. त्याने गाडी पुढपासून मागपर्यंत पाहिली.

"काय दादा, प्रदर्शनाला ठेवलीस होय?"

"तुझे चार दगड काढ. दार उघडू दे."

"माझे कशाला? सरकलाय तो तुझा गडगा."

"आमचा गडगा आमच्या वडिलांच्या वेळचा आहे."

"मग दर पावसाळ्यानंतर येऊन वडीलच सरकवतात होय?"

हसू आले ते मी गिळले. आजोबांचा आवाज चढू लागला आणि मला तो चढायला नको होता. पण दोघेही हटणार नव्हते. स्वतःचा गडगा स्वतः उतरवणे म्हणजे तो चुकीच्या जागी होता हे कबूल करणे. शिवाय उतरवलेला गडगा पुन्हा त्याच जागी रचला जात नाही, हे त्या दोघांइतके कुणाला माहीत असणार?

"वहिनी, तुम्ही मास्तरीण. तुम्हीच सांगा, कोणाचा सरकलाय?"

माझ्या खिडकीबाहेर आपल्या गडग्याचा माथा माझ्या खांद्याएवढा होता. मी हात बाहेर काढून वरचा एक दगड सुटा केला आणि पलीकडे बागेत ढकलला. मग दुसरा. तिसरा जड होता, तो दोन्ही हातांनी लोटला.

"अगं, काय करतेस? आपला गडगा आहे तो!"

"म्हणून तर काढतेय. दुसऱ्याचा कसा काढू?"

दगड पडल्याचा तेवढा आवाज येत राहिला. लाल भुकटीने माझी बाही भरली, एका बोटाचे नख फाटले. मग मागून पावलांचा आवाज आला. चुलत भाऊ गाडीला वळसा घालून खालच्या बाजूने आमच्या बागेत शिरला होता.

"हात काढा आत, वहिनी. चेचून घ्याल." कोयती बाजूला ठेवून तो खालचे मोठे दगड उतरवू लागला. दार उघडण्यापुरती जागा झाल्यावर मी बाहेर आले. आजोबा स्टिअरिंग धरून समोर पाहत बसले होते.

"ये बाहेर, दादा. आता तरी खुर्ची आणायला लावू नकोस."

आजोबा माझ्या सीटवरून सरकत, त्याच्या खांद्याला धरून बाहेर आले.

फोन पुन्हा वाजला तेव्हा मी खरे सांगितले. गाडी अडकली होती, गडगा काढून बाहेर पडलो, ती अजून तिथेच आहे.

तुमचे बाबा म्हणाले, "आई, मग फ्लॅट..."

"वाट रुंद करतोय. झाली की फोटो पाठवते. तोवर काही ठरवू नकोस."

"पावसाळ्यापर्यंत," ते म्हणाले. "त्यानंतर मी ऐकणार नाही."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक पाटीएवढा संगणक घेऊन आला. चाकाजवळची जानव्याइतकी बारीक तार दगडाने तुटली होती, बाकी गाडी ठणठणीत. "जीपला असली तारच नाही," आजोबा म्हणाले. खरे आहे. पण शहरातून येताना एकदा गाय आडवी आली, तेव्हा आजोबांचा पाय पोचण्याआधी याच गाडीने ब्रेक लावला होता. तेही खरे आहे. तेव्हा उत्तर असे. नवी गाडी कुठेही जाते, तिच्यासाठी आधी वाट केलेली असेल तर. जीप कुठेही जाते, फक्त त्या एका पहाटे गेली नाही.

गडगा नव्याने रचला, हातभर आत, आपल्या बाजूने. गडी रचत होते तोवर आजोबा तिथे गेले नाहीत. चुलत भावाचा गडगा आहे तिथेच आहे. गाडी अंगणात आली, फोटो पाठवला, तुमच्या बाबांचा अंगठा आला. आता दोघे भाऊ रोज आभाळाकडे बघतात. येत्या पावसात कोणता गडगा आधी पडतो आणि पुन्हा कुठे उभा राहतो, यावर आमचे इथले राहणे आहे.

त्या जागी आता भरपूर जागा आहे. तरी तिथे आले की आजोबा आरसे मिटतात, आणि मी काच खाली घेऊन हात बाहेर काढते. गडग्यापर्यंत तो आता पोचत नाही.