मागच्या रांगेतली बाटली

आमच्या घरी नवी चव एकट्यानं घ्यायची नाही, असा नियम होता. नियम मी केला असं हे सांगत फिरतात, पण सुरुवात ह्यांचीच. लग्नानंतर संत्र्याच्या पहिल्या तोड्याला तिगावच्या आमच्या बगीच्यात ह्यांनी झाडाखाली बसून पहिलं संत्रं सोललं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं आणि मी फोड तोंडात टाकेपर्यंत हे आपलं अर्धं तसंच धरून थांबले. नवरा म्हणून हा माणूस कसा आहे, याचा मला तेव्हा काही पत्ता नव्हता. त्या थांबण्यावरून मी ठरवून टाकलं की चांगला आहे. पुढं मशरूम, नागपूरचा पिझ्झा, मुलीनं पाठवलेलं कसलंसं विलायती चीज, सगळं असंच जोडीनं झालं. पिझ्झा आला तेव्हा मी हात धुवायला गेले होते. परत आले तर हे हाताची घडी घालून त्याच्याकडे नुसते बघत बसलेले. ह्यांना भूक एवढी लागली होती की बोलवत नव्हतं, पण हात लावला नव्हता.

मी सौंसरला शाळेत शिकवत होते. रिटायर झाले तेव्हा कॅलेंडरच्या एका जुन्या पानामागं राहून गेलेल्या गोष्टी लिहिल्या आणि पान फ्रिजला चिकटवलं. त्यात विमान होतं, समुद्र होता आणि रेड वाईन होती. आम्ही दोघांनी कधी थेंब घेतला नव्हता. मास्तरणीनं घ्यायची नसते म्हणून मी नाही, आणि मी नाही म्हणून हे नाही, असा माझा समज. ह्यांनी पान वाचलं, वाईनवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हो, थे बी राहूनच गेलं आपलं."

आपलं म्हणाले. मी खूश झाले.

शिकायचं म्हटलं की मी वही काढते. पुण्याला मुलीला फोन लावला. ती म्हणाली, आई, पहिल्यांदा जड घेऊ नकोस. तुरट लागते आणि मग माणूस जन्मभर नाव काढत नाही. तुरट म्हणजे कशी, तर संत्र्याच्या सालीची आतली पांढरी बाजू चावल्यावर जीभ कोरडी पडते तशी. हे मला लगेच कळलं. मग म्हणाली, फळाची चव पुढं असलेली, हलकी घे. जुनी ती चांगली असं समजू नकोस, साधी रेड ताजीच बरी लागते. प्यायच्या आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेव. आणि तुला आवडेल ती चांगली, लोकांचं ऐकू नकोस. सगळं लिहून घेतलं. शेवटचं वाक्य अधोरेखित केलं.

आता आणायची कुठून? सौंसरच्या दुकानात माझे विद्यार्थी, पांढुर्ण्याच्या दुकानात ह्यांचे नातेवाईक. म्हणून मी बसनं छिंदवाड्याला गेले, वाईन आणायला एकटी, साठी ओलांडलेली बाई, हातात भाजीची पिशवी. दुकानदार सभ्य निघाला. हलकी आणि फळाच्या चवीची म्हटल्याबरोबर त्यानं नेमकी बाटली काढली आणि पुढं ठेवली.

इथं माझ्यातली बगीचेवाली जागी झाली. मंडीत संत्र्याच्या ढिगावर मोठी, चकचकीत फळं रचलेली असतात. आमच्याकडं वरचं कुणी बघत नाही. हात खाली घालायचा, तळातलं फळ काढायचं आणि मग भावाचं बोलायचं. मी म्हटलं, "पीछेवाली दीजिए."

"मॅडम, पीछे पुराना पड़ा है. ताज़ा माल सामने है."

वही घरी राहिली म्हणणाऱ्या पोराकडं बघून मी हसायचे, तशी त्याच्याकडं बघून हसले. त्यानं बिचाऱ्यानं स्टूल आणलं आणि मागच्या वरच्या फळीवरून, खिडकीच्या उन्हातली, धूळ बसलेली बाटली काढून दिली. मी ती पदरानं पुसली. वर पालकाची जुडी ठेवली आणि मोठी बाजी मारल्यासारखी घरी आले.

लग्नाच्या वाढदिवसाला दुपारी चार वाजता मी मुगाची भजी तळली आणि रस प्यायचे दोन ग्लास काढले. बाटलीचं झाकण फिरवायचं होतं, ते मला जमेना. ह्यांनी बाटली घेतली आणि एका झटक्यात उघडली. ग्लासात थोडीशीच ओतली. ग्लास तिरपा करून उजेडाकडं धरला, नाकाशी नेला. मला वाटलं टीव्हीत बघितलं असेल. कौतुकच वाटलं. आम्ही एकदमच घोट घेतला.

मला उकळलेल्या जांभळात व्हिनेगर टाकल्यासारखं लागलं. पण पहिल्या वेळी असंच लागत असेल, चव हळूहळू लागते, म्हणून मी शहाण्यासारखी मान हलवली. "बरी हाय," म्हटलं.

ह्यांनी ग्लास खाली ठेवला. "बिघडली हाय. लय दिवस गरमीत उभी राहिली असन. रेड अशी नसते."

कढईतलं तेल अजून तडतडत होतं. मी उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसले.

"मंग कशी असते?" मी विचारलं.

ह्यांनी एक भजं उचललं, मोडलं, खाल्लं नाही. मग सांगितलं. आमच्या बगीच्याला लागून ह्यांच्या मित्राचा बगीचा आहे, तिथं त्यानं दोन खोल्या बांधल्या आहेत. दर रविवारी सगळे तिथं वाईन घेत बसतात. तीन वर्षं झाली. दर रविवारी हे मला पाणी सोडायला जातो म्हणून सांगून जायचे. आमच्याकडं ठिबक बसून पाच वर्षं झाली होती. ठिबकला कोण पाणी सोडायला जातं? मुलांच्या वहीतली एका मात्रेची चूक मला लांबून दिसायची, आणि हे दिसलं नाही.

"कोन कोन असते?"

"मित्र, त्याची बायको. अजून एक जोडपं असते."

जोडपी. बायकाही. म्हणजे पाच जण, आणि घरी बसलेली मी.

"अन् मी काहून नाई?"

हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी सांगतलं त्याइले, तुले चालत नाई म्हणून."

दारूचं मला काही वाटलं नाही, खरंच नाही. पण माझं नाव पुढं करून ह्यांनी मला बाहेर ठेवलं होतं, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं. लग्नाकार्यात ती मित्राची बायको मी जवळ गेले की विषय बदलायची. शिक्षिका म्हणून वचकून असते, असं मी समजत होते. तीन वर्षं गावातली चार माणसं मला सोवळी समजत होती आणि ते सोवळं ह्यांनी मला नेसवलं होतं. वर फ्रिजसमोर उभं राहून, 'राहूनच गेलं आपलं.' ज्या परक्या माणसानं काउंटरमागून खरं सांगितलं, त्याच्यावर मी विश्वास ठेवला नाही. घरातल्याला मात्र एकदाही तळातून उपसून बघितलं नाही.

दोन दिवस आम्ही जेवणापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "येत्या रविवारी तू बी चाल."

मी पुन्हा छिंदवाड्याला गेले. दुकानदारानं ओळखलं. काही न विचारता स्टूल घ्यायला वळला. "सामनेवाली," मी म्हटलं. त्यानं पुढची दिली.

रविवारी दुपारी आम्ही बगीच्यावर पोचलो. मला बघताच मित्राच्या बायकोनं हातातला ग्लास पाण्याच्या जगामागं सरकवला, सवयीनं. मी बाटली टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "मलेबी द्या थोडी."

तिनं विचारलं, "अवो मॅडम, तुमाले चालते?"

"चालते की नाई, थे मलेबी अजून मालूम नाई."

ती आत गेली आणि एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आली. सहा ग्लासांच्या सेटचं. पाच कप्पे रिकामे होते, सहाव्यात ग्लास होता. "पयल्या साली तुमच्यासाठीबी मांडत होतो आमी," ती म्हणाली. "भाऊजी म्हणत, नोका मांडू, ते काई येत नाई. मंग ठेवून देला." ग्लासावर दुकानाचं स्टिकर तसंच होतं. मी ते नखानं खरवडून काढलं. तिनं ग्लास विसळून दिला, वाईन ओतली. वास चांगला होता, पिकल्या जांभळाचा.

समोर हे बसले होते. आपला भरलेला ग्लास हातात धरून, ओठाला न लावता, माझ्याकडं बघत थांबले होते. त्या झाडाखाली थांबले होते अगदी तसेच.

"घ्या तुमी," मी म्हटलं. "तुमची काई पयली नाई."