बादलीसोबतचा फोटो

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार फुलसावंगीच्या शकीलाचाचींचे. शिलाईच्या कमाईतून त्यांनी माझी कॉलेजची फी भरली.

मी नोकरी करतो त्या पुसदच्या मुलींच्या वसतिगृहातली बोअर उन्हाळ्यात आटली. नवी झाली नाही तर पोरींना घरी पाठवावं लागणार होतं. देणगी मिळवून देणाऱ्या एक बाई तेवढ्यासाठी आल्या. मी त्यांना त्या एकाच दिवशी पाहिलं.

मी त्यांना बाजारात घेऊन गेलो. कापसाचे एक व्यापारी आपल्या दुकानात बसूनच सगळा खर्च द्यायला तयार झाले. "फक्त पोरी स्टेजवर आणा, मॅडम. माझ्या हातून पाण्याची बादली घेतानाचा फोटो पेपरात आला पाहिजे."

बाईंनी शांतपणे चष्मा पुसला. "शेठजी, आम्हा देणगी मागणाऱ्यांची संघटना आहे. मदत घेणाऱ्याचा चेहरा दाखवून पैसे मागायचे नाहीत, हा तिचा नियम. तुमचा एकट्याचा फोटो छापू."

"माझं थोबाड कोण पाह्यते?"

"मंग पोरींनी काहून दाखवावं?"

शेठ उठून आतल्या खोलीत गेले. बाई पदर डोक्यावर घेऊन, भर उन्हात पुढच्या दुकानाची पायरी चढल्या. मी त्यांच्या मागोमाग गेलो.

घरी येऊन पत्र लिहिलं: "चाची, बोअर अजून व्हायची आहे. पण माझी कॉलेजची फी कोण भरत होतं, हे तुम्ही मोहल्ल्यात कोणालेच काहून सांगितलं नाही, ते मले आज समजलं."