सायमीची गाडी आणि तीन मीटर रस्ता

सायमी केंप्पाइनेननं एकाहत्तराव्या वर्षी एटीव्ही घ्यायचं ठरवलं, तेव्हा गावच्या दुकानातल्या कॉफीच्या टेबलाला दोन आठवडे दुसरा विषय नव्हता. जाड फुगीर टायरांची, टांग टाकून बसायची ही चारचाकी तिकडं बर्फाळ उत्तरेत घरोघरी असते, त्यामुळे सल्ला द्यायला कुणाचीच जीभ अडली नाही. कुणी म्हणे सगळ्यात मोठं इंजिन घे, कुणी म्हणे टायर काढून रणगाड्यासारखे पट्टे बसव. शेजारचा काउको म्हणाला, "हँडल पेलेल का तुला? का गाडीच तुला गावभर फिरवणार?"

"तुझ्या बायकोनं तुला चाळीस वर्षं फिरवलंच की," सायमी म्हणाली. "मला एक गाडी जड नाही."

हौस म्हणून नव्हतं हो हे. तिचा नवरा ओइवा सप्टेंबरपासून शहरातल्या इस्पितळात होता. पोटातला आजार कापाकापीच्या पलीकडं गेला होता. त्याला घरी यायचं होतं, बाकी काही नको होतं. डॉक्टरीणबाईंची ना नव्हती, पण रोज सकाळी सातला नर्सची गाडी दारात पोचली पाहिजे, ही अट होती. मोठ्या रस्त्यापासून घर अर्धा किलोमीटर आत, आणि तेवढ्या वाटेवरचा बर्फ ज्याचा त्यानं काढायचा. आजवर ओइवा जुन्या ट्रॅक्टरनं काढायचा, आणि तो ट्रॅक्टर ओइवाशिवाय कुणाला दाद देत नसे.

"रस्ता उघडा राहील?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"राहील," सायमी म्हणाली. त्या वेळी तिच्याकडं एक फावडं होतं.

काउकोला नुसतं सांगितलं असतं तर त्यानं आपल्या ट्रॅक्टरनं रोज रस्ता काढून दिला असता. पण सांगायचं कुणी? या गावची माणसं दुसऱ्याच्या घराला आग लागली तर न बोलावता धावतील, आणि आपल्याला लागली तर बादली घेऊन एकटीच भिडतील. सायमी काही वेगळी नव्हती.

गाड्यांच्या दुकानदारानं उबदार हॉलमधली सगळ्यात दांडगी गाडी पुढं काढली आणि किल्ली फिरवली. इंजिन लगेच घुमलं. तो तिचा वेग सांगायला लागला.

"वेग राहू दे. इथं उबेत कुठलीही चालू होईल," सायमी म्हणाली. "ही, आणि ती शेजारची मधली, दोन्ही आज बाहेर ठेव. मी उद्या येते."

"अहो बाई, रात्री उणे आठ होईल बाहेर!"

"आमच्या गोठ्यात काय उन्हाळा असतो?"

दुसऱ्या दिवशी ती लोकरीचे आणि त्यावर कातडी असे दुहेरी हातमोजे घालून आली, आणि तिनं ते काढले नाहीत. दोन्ही गाड्या चालू झाल्या, पण दांडगी मागं घेताना मान वळवून तिची शेपूट काही दिसेना. मधलीचं हँडल बोटानं वळत होतं. या गाड्यांना गती अंगठ्यानं दाबून द्यावी लागते, आणि तीस वर्षं गाई पिळून सायमीच्या उजव्या अंगठ्याचं पेर सुजलेलं. मधलीला तिथं गरम होणारी पट्टी होती. तिनं अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग पुढं बर्फ ढकलायचं पातं, ते उचलायला दोर गुंडाळणारी विंच, आणि मागं लाकडं ओढायला आकडा, एवढं बसवून घेऊन ती मोकळी झाली. दुकानदार म्हणाला, पोरंसुद्धा एवढं बघून घेत नाहीत. सायमीला मनातून बरं वाटलं, पण तिनं तसं दाखवलं नाही.

गाडी अचूक निवडली. चूक झाली ती काठ्यांत.

जमीन पुरती गोठायच्या आत रस्त्याच्या दोन्ही कडांना काठ्या रोवायच्या असतात, म्हणजे बर्फ साचला की रस्ता कुठं आहे ते कळतं. हे काम ओइवाचं. या वर्षी सायमीनं केलं, आणि नव्या पात्याच्या दोन रुंद्या मोजून तीन मीटरवर काठ्या ठोकल्या. पहिल्याच बर्फाला काउको वाटेत थांबला.

"सायमी, कडेचा बर्फ लांब ढकल गं. जानेवारीत जागा उरायची नाही."

"काठ्यांपर्यंत रस्ता मोकळा आहे ना? मग झालं तर."

डिसेंबर संपेपर्यंत दोन्ही बाजूंना छातीएवढ्या भिंती गोठून दगड झाल्या. नर्स दोनदा छोटी गाडी घेऊन तालीम करून गेली. गाडी आरामात आली, आणि इस्पितळानं ओइवाला घरी सोडायची तारीख दिली.

त्या दिवशी ओइवाला घेऊन येणारी लांबरुंद व्हॅन मोठ्या रस्त्यावरच थांबली. ड्रायव्हर भिंतींमधलं अरुंद वळण बघत दारापर्यंत चालत आला.

"बाई, शिरली तर निघायची नाही माझी गाडी. मी पेशंटला अडकवून ठेवू शकत नाही. परत नेतो."

"परत कुठं?"

"वॉर्डात. पुढचं ते ठरवतील."

पुढचं काय ते सायमीला पक्कं ठाऊक होतं. शहरातल्या वृद्धाश्रमातली कॉट, आणि भिंतीकडं तोंड. स्वतःच्या हातानं ठोकलेल्या काठ्या, आणि दोष द्यायला दुसरं कुणी नाही.

"वीस मिनिटं थांब," ती म्हणाली. "त्याला थंडी लागू देऊ नकोस."

मासळीची जाळी बर्फावरून ओढायची लांब घसरगाडी तिनं लोखंडी दांड्यानं एटीव्हीला जोडली. दोर चालणार नव्हता, दोरानं ओढलेली घसरगाडी उतारावर मागून आपटते. त्यात गादी, मेंढीचं कातडं आणि घरातली झाडून सगळी पांघरुणं घातली. ड्रायव्हरनं आणि तिनं ओइवाला उचलून त्यात निजवलं. तो इतका हलका झाला होता की सायमीला रडू फुटलं, आणि तिनं ते पुसलंही नाही. सगळ्यात खालचा गिअर टाकून, माणूस चालेल इतक्या बेतानं तिनं त्याला घराशी आणलं आणि इंजिन बंद केलं.

पांघरुणातून ओइवाचं नाक तेवढं बाहेर होतं.

"काठ्या जवळ लावल्यास."

"हो. चुकलंच माझं."

"काउकोला सांग, मोठा ट्रॅक्टर आणून कडा मागं सारायला. मी गेल्यावर मला न्यायला येईल ती गाडी लांबलचक असते, सायमी."

सबंध थंडीत दोघांपैकी कुणीही हा विषय काढला नव्हता. सायमीनं त्याच्या मानेभोवतीचं कातडं घट्ट केलं.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

ओइवानं नाक कातड्यात खुपसलं. मग म्हणाला, "बरं. आत ने आता, नाक गोठलं माझं."

ड्रायव्हरनं गावात बातमी सांगितली असणार, कारण दुसऱ्या दिवशी नर्स जाऊन तासही झाला नाही तोच काउको न बोलावता ट्रॅक्टर घेऊन हजर झाला. सायमी वाटेच्या तोंडाशी आडवी उभी राहिली.

"अगं, दुपारपर्यंत पाच मीटर करून देतो. कुठलीही गाडी येईल मग."

"म्हणूनच नको," सायमी म्हणाली. "नर्सची येते ना, तेवढं पुरे."

काउकोनं तिच्या तोंडाकडं पाहिलं, टोपी नीट केली आणि ट्रॅक्टर मागं वळवला. सायमीनं एटीव्हीचं पातं खाली सोडलं आणि रात्री पडलेला बर्फ काढून टाकला, दोन्हीकडच्या काठ्यांच्या आत, बरोबर तीन मीटर.