दुसरं बटण

"ताई, हात वर करा. जरा अजून वर. मागच्यांना दिसू द्या."

मी हात वर केला. उजवा. अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासून नसलेला.

खुर्च्यांवर साहेब लोक, खाली सतरंजीवर कामाच्या बाया आणि गडी. सुरक्षा सप्ताहाचं ट्रेनिंग चाललं होतं. ट्रेनर शहरातून आलेला, गळ्यात ओळखपत्र, हातात माईक. त्याने माझ्या हाताला हात लावला नाही. लांबूनच पेनाने दाखवलं. बाजारात बैलाचे दात दाखवतात तसं.

"ही बघा बेफिकिरी. मशीन कुणाची नातेवाईक नसते. लक्ष इकडंतिकडं गेलं की हे असं होतं."

सुपरवायझर खुर्चीतूनच म्हणाला, "मेंढरामागं फिरनारी मानसं साहेब. मशीनवर बसून बी ध्यान मेंढरातच."

सगळे हसले. साहेब हसले, गडी हसले, रोज माझ्याशेजारी बसून भाकरी खाणाऱ्या बाया पदराआड हसल्या. आणि मीही हसले. दुसरं काय करणार होते? हात वर, सगळ्यांची नजर हातावर, आणि तोंडावर हसू. आज ते आठवलं की अंगाची आग होते.

मग फोटो. फोटोसाठी माझ्या डोक्यावर पिवळं हेल्मेट ठेवलं. फोटो झाल्यावर ते काढून घेतलं आणि बाकीच्या हेल्मेटांबरोबर पोत्यात भरून ठेवलं, पुढच्या वर्षासाठी. ट्रेनर जाताना मला म्हणाला, "थँक्यू हं ताई." चांगला बोलायचा तो. कधी अरेतुरे केलं नाही. शिवी दिली असती तर निदान उलटून बोलता आलं असतं.

आमचं घर मेंढ्यावालं. कनेरगाव नाक्याच्या अलीकडं गाव. कारखाना तिथून जवळच, वाशीमच्या रस्त्याला. तिथं हळद शिजवायचे कुकर बनतात आणि वाळलेली हळद घासायचे ड्रम. ड्रमच्या जाळीसाठी पत्र्याला भोकं पाडावी लागतात. ते काम प्रेस मशीनचं. आत पत्रा सरकवायचा, बटण दाबायचं, वरून लोखंडाचा ठोकळा धाडकन खाली येतो आणि भोकं पाडून वर जातो. दिवसभर तेच. हळदीच्या दिवसांत तर पाणी प्यायला उठलं तरी सुपरवायझरच्या कपाळाला आठ्या.

सुपरवायझर आमच्याच गावचा. जमीनवाल्यांच्या घरचा. गाव त्याला दादासाहेब म्हणतं. उन्हाळ्यात त्यांच्या रानात आमची मेंढरं बसायची, लेंडीखतासाठी, बदल्यात आम्हाला धान्य मिळायचं. कळप बसला तर आमचं पोट, नाही बसला तर मेंढरं घेऊन कुठं जाणार? त्यामुळे त्याच्या घरासमोरून जाताना आमची माणसं चपला हातात घेत नसतील, पण मान खालीच घालत. मला कारखान्यात त्यानेच लावलं. सासू तेव्हा त्याच्या पाया पडली. तो म्हणाला, "असू दे, असू दे." पण पाय मागं घेतला नाही.

पहिल्या दिवशी त्यानेच मला प्रेसवर बसवलं. मशीनला दोन बटणं होती, एक डाव्या हाताशी, एक उजव्या. उजवीकडचं बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आत दाबून बांधलेलं होतं. मी विचारलं, "हे काहून बांधलंय?"

"बिघडलंय ते. तू डावं दाब. उजव्या हातानं पत्रा सरकव. चटचट."

मी मान हलवली. त्या ओळीत सगळ्या मशीनवर ट्यूबच्या पट्ट्या होत्या. सगळ्याच मशीनची उजवी बटणं कशी बिघडली, हे मला सुचलं नाही. सुचायचं कारण नव्हतं. मी चार यत्ता शिकलेली. मोठ्या माणसाने सांगितलं की खरं मानायचं, एवढंच घरात शिकवलेलं.

एका दुपारी पत्रा तिरका बसला. मी उजव्या हाताने तो सरळ करत होते. डावा हात बटणावरच होता, त्याला सवय लागलेली, त्याने दाबलं. एवढंच झालं. दुखलं नाही आधी. आधी फक्त पत्रा ओला दिसला.

जीपमध्ये घालून मला हिंगोलीला नेलं. वाटेत सुपरवायझर पुढच्या सीटवरून मागं न बघता म्हणाला, "डॉक्टरनं विचारलं तर सांग, घरी कडबाकुटीत हात गेला. कारखान्याचं नाव निघलं तर तुह्या सासूला अन् मेंढरांना गावात ऱ्हानं जड जाईल." डॉक्टरने विचारलं. मी सांगितलं, कडबाकुटी. आमच्या घरी चारा कापायची कडबाकुटी नव्हतीच. म्हणजे दवाखान्यात माझी बोटं कडबाकुटीत गेली, आणि ट्रेनिंगमध्ये बेफिकिरीत गेली. प्रेसमध्ये गेली, असं कुणीच कधी म्हणालं नाही.

जखम भरली. भाकरी थापायला बसले की एका बाजूने जाड व्हायची. सासू गुपचूप ती आपल्या ताटात ओढून घ्यायची. मायाळू बाई आहे. पण तिच्या मनाने एक घेतलं होतं. ती म्हणायची, "नवी मशीन व्हती. तू तिला मान न्हाई दिला. बसायच्या आधी पाया न्हाई पडली. म्हनून तिनं घेतलं."

मलाही ते पटलं. दोष आपला असला म्हणजे निदान कारण तरी सापडतं.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. सासूने कळपातला स्वतःच्या हाताने वाढवलेला मेंढा निवडला. अंगावर हात फिरवला तरी मान टेकवणारा. त्याला हळदकुंकू लावून आम्ही दोघी कारखान्यात घेऊन गेलो. सगळ्यांसमोर सासूने मला त्या प्रेससमोर बसवलं. मशीनच्या थंड लोखंडावर मी कपाळ टेकवलं आणि म्हणाले, "चुकलं माझं. पुन्हा असं होनार न्हाई." सुपरवायझर शेजारी उभा होता. नारळ त्यानेच फोडला. उजवं बटण त्या दिवशीही बांधलेलंच होतं, फक्त ट्यूबच्या पट्टीवर झेंडूचं फूल खोचलं होतं.

मेंढा शेडच्या मागं कापला. सुपरवायझर, फिटर, ट्रकवाले जेवले. भांडी मी घासली.

त्यानंतर मला प्रेसवरून काढून झाडलोटीला लावलं. हेही उपकारच. आणि दर वर्षी ट्रेनिंगच्या दिवशी हाक यायची. शेवटाला मला आत बोलवायचे. हात वर करायचा आणि शिकवलेलं एक वाक्य म्हणायचं, "माझं ध्यान नव्हतं." बाकी ट्रेनिंग मी कधी ऐकलंच नव्हतं. तोवर मी बाहेर साहेबांच्या चहाचं बघत असायचे. प्रेसवर बसत होते तेव्हा तर पहिला सुरक्षा सप्ताह यायच्या आधीच बोटं गेली.

यंदा माझी धाकटी जाऊ, रेखा, कामाला लागली. तिला त्याच मशीनवर बसवलं. ती लहानखुरी, हातही लहान. संध्याकाळी मेथी निवडायला बसली की मी तिच्या बोटांकडं बघत राहायचे. ती म्हणायची, "अक्का, अशी काय पाहता?" मी म्हणायचे, "काही न्हाई. मशीनच्या पाया पडत जा रोज."

ती रोज पडायची. मी हे तिला शिकवलं.

यंदाच्या ट्रेनिंगला ऊन फार होतं. साहेबांना पाणी द्यायला मला आतच थांबवलं. ट्रेनर तोच. या वेळी त्याने सगळ्यांना उठवून प्रेसजवळ नेलं. रेखाच्याच प्रेसजवळ. सकाळीच फिटरने सगळ्या मशीनच्या ट्यूबच्या पट्ट्या सोडून नेल्या होत्या. उजवी बटणं मोकळी दिसत होती, पुसलेली.

ट्रेनर म्हणाला, "या मशीनला बटणं दोन का आहेत?"

सगळे बटणांकडं बघू लागले.

त्याने एक बटण दाबलं. मशीन हलली नाही. मग दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली. ठोकळा धाडकन खाली आला. "बघितलं? दोन्ही हात बटणावर असतील तरच मशीन चालते. आणि दोन्ही हात बटणावर असले, तर बोट आत जाईलच कसं? ही तुमच्या हातांची राखण आहे."

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो मी खाली ठेवला. इतकी वर्षं मी त्या बटणाला बिघडलेलं समजत होते. ते बिघडलेलं नव्हतं. ते माझ्यासाठी होतं. माझा हात बाहेर ठेवायला कुणीतरी ते मशीनमध्ये घातलं होतं, आणि सुपरवायझरने चार पत्रे जास्त निघावेत म्हणून ते बांधून टाकलं होतं. मग मला दवाखान्यात खोटं बोलायला लावलं. माझ्या सासूचा मेंढा खाल्ला. लोखंडापुढं माझं डोकं टेकू दिलं. रडू आलं नाही. राग आला. असा राग मला जन्मात आला नव्हता, आणि तो आला म्हणून बरं वाटलं.

ट्रेनर वळून म्हणाला, "आणि लक्ष नसलं तर काय होतं, ते आपल्या ताई दाखवतील. या ताई. हात वर करा."

मी पुढं गेले. हात पदराखाली घेतला.

"न्हाई दाखवनार."

कुणीतरी हसलं, मग थांबलं. ट्रेनरला वाटलं लाजतेय. "अहो, घाबरू नका. काय चुकलं तेवढं सांगा."

"साहेब, माझं ध्यान बराबर होतं. तुमी आत्ता म्हनलात, दोन्ही हात बटनावर असल्याबिगर मशीन चालत न्हाई. मग माझा हात आत असताना ती चालली कशी?"

त्याने माईक खाली घेतला.

"मी सांगते. उजव्या बटनाला ट्यूब बांधली व्हती. सगळ्याच मशीनला बांधलेली असते. आज सकाळी सोडली. तुमची गाडी गेली की परत बांधतील. इचारा ह्या बायांना."

त्याने बायांकडं बघितलं. बाया खाली बघत होत्या. रेखासुद्धा. सुपरवायझर हसत म्हणाला, "सोडा साहेब. बोटं गेल्यापासून डोस्कं फिरलंय बिचारीचं. काहीबी बोलून राहिली."

ट्रेनरला कळलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर मला ते स्पष्ट दिसलं. त्याने मशीनच्या बटणाकडं एकदा पाहिलं, बटणाच्या कडेला ट्यूबचा काळा वळ उठलेला होता. मग तो म्हणाला, "हा तुमचा अंतर्गत विषय आहे, नंतर बसून बोला. आता आपण शपथ घेऊ."

सगळ्यांनी हात पुढं केले. सुरक्षेची शपथ. ट्रेनर म्हणायचा, मागून सगळे म्हणायचे. सुपरवायझरचा आवाज सगळ्यात मोठा. माझा हात खाली होता. दोन्ही हात खाली होते.

गाडी गेली. धुरळा बसला नसेल, तोवर फिटर पट्ट्या घेऊन आला. रेखाच्या मशीनची पट्टी मात्र सुपरवायझरने स्वतः बांधली. बांधताना माझ्याकडं बघत होता. दोन वेढे, मग गाठ. रेखाला म्हणाला, "बस."

ती बसली.

मी झाडू टाकला आणि जवळ गेले. "रेखा, ऊठ."

"अक्का, घरी काय सांगू?"

"ऊठ म्हनते ना."

ती उठली. बाकीच्या बायांनी मान वर केली नाही. ठोकळे खाली येत राहिले, वर जात राहिले.

सुपरवायझर ओरडला नाही. हळूच म्हणाला, "दोघीबी उद्यापासून येऊ नका. अन् तुमच्या कळपानं माह्या रानात पाय ठेवला, तर मंग बघा."

घरी चूल पेटली, पण कुणी नीट जेवलं नाही. नवरा रानातून आला, ऐकलं, आणि बाहेर जाऊन बसला. सासू म्हणाली, "त्याच्या रानावर आपलं पोट हाय माय. जा, माफी माग. मी येते संगं."

मी म्हणाले, "एकदा माफी मागितली आत्याबाई. लोखंडाची. त्यात तुमचा मेंढा गेला. आता मी कुनाची मागनार न्हाई."

ती चिडली. अजून चिडलेली आहे. यंदा मेंढरं लांब न्यावी लागली, नरसीच्याही पुढं. नवरा तिकडंच असतो. रेखा मजुरीला जाते आणि माझ्याशी कमी बोलते. तिची दहा बोटं जागेवर आहेत. ती बोलली नाही तरी चालेल.

त्या प्रेसवर आता इथल्याच गोरेगावकडची एक बाई बसते. उजवं बटण बांधलेलं आहे. मला माहीत आहे, कारण मी रोज सकाळी कारखान्याच्या गेटसमोर, रस्त्याच्या या बाजूला उभी राहते. बाया जीपमधून उतरल्या की त्यांना सांगते, ते बटण बिघडलेलं नाही. मशीनच्या पाया पडू नका, ट्यूब सोडा. काही तोंड फिरवून जातात. एक थांबली होती काल, बटण बांधलेलंच आहे असं तिनंच सांगितलं. वॉचमन मला हाकलतो, मी दहा पावलं मागं सरकते आणि तिथून सांगते. कारखान्यांच्या तपासणीचे साहेब कुठं बसतात ते विचारत मी एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात जातेय. तिथं पहिल्यांदा हेच विचारतात, कडबाकुटीत गेला ना हात? कागद तसा म्हणतो.

कागद म्हणू दे. माझी बोटं मशीनने घेतली नाहीत आणि माझ्या बेफिकिरीने गेली नाहीत. ती कुणी घेतली ते मला माहीत आहे. विचारलं तरी सांगणार, नाही विचारलं तरी सांगणार. त्याचं नाव घेऊन सांगणार.