खंडेनवमीचा पाना

जवळा बाजारात ट्रॅक्टरचं इंजिन बसलं की माणसं आधी देवाला आठवतात आणि मग वैजनाथला. देव फुकटात ऐकतो म्हणून त्याचा नंबर पहिला. वैजनाथचं गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक लिंबाचं झाड आणि त्याच्या सावलीत पोट उघडं टाकून पडलेली ट्रॅक्टरं. इंजिनाशी तो भावकीतल्या माणसाशी बोलावं तसा बोलतो. "काहून खोकून राहिलास?" असं विचारतो आणि पाना लावायच्या आधी कान लावतो. गिऱ्हाइकाशी मात्र जपून, कारण ते उलट बोलतं.

सिद्धेश्वर धरणावरची एक बोटही त्याच्याच दवाखान्यात आहे. धरणाच्या पाण्यापलीकडं एक वाडी आहे. रस्त्यानं जावं तर भलामोठा फेरा, पाण्यानं जावं तर समोर दिसते. तिथल्या धम्मानंदनं पत्र्याच्या बोटीवर जुनं डिझेल इंजिन बसवून घेतलं आणि वाडीतली माणसं, शेळ्या, गॅसच्या टाक्या असं सगळं तो अलीकडं आणायला लागला. इंजिन बसवून दिलं वैजनाथनंच. त्यामुळं त्याचं दुखणंखुपणंही वैजनाथकडंच.

आता खंडेनवमीचं सांगायला पाहिजे. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. वैजनाथ सगळे पाने घासूनपुसून पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो, झेंडू ठेवतो. मग दसऱ्याचं सोनं लुटून येईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. या बाबतीत तो फार कडक. पान्यांवर नंबर कोरलेले असतात हे आम्हाला वर्षातून त्या एकाच दिवशी दिसतं.

गेल्या खंडेनवमीला पूजा मांडून झाली आणि त्याच्या मोटारसायकलची चेन ढिली पडली. बायकोला, आशाबाईला, बाजारात जायचं होतं आणि ती दारात पिशवी घेऊन उभी. वैजनाथनं इकडंतिकडं पाहिलं. पाटावरून सतरा नंबरचा पाना उचलला, चेन ताणली, पाना पुसला आणि पुन्हा जागेवर ठेवून वर चिमूटभर जास्तीचं कुंकू टाकलं. देवाला आणि आशाबाईला, दोघांनाही घाई होती. दोघांनीही चालवून घेतलं.

जेवण झाल्यावर तो लिंबाखाली बाजेवर आडवा झाला, तर धम्मानंद हजर.

"वैजनाथभाऊ, इंजिन धरून सोडून राहिलंय. जोर दिला की मरतंय."

"डिझेलचं फिल्टर चोंदलं असंल. टाकीचं झाकण कुठं हाय?"

"झाकण कव्हाच पाण्यात गेलं. फडकं बांधलंय."

"मंग पावसाचं पाणी पिलं तेनं. नवं फिल्टर टाकावं लागतंय."

"तेच म्हणून राहिलो. चला ना. दुपारून मायला अलीकडं आणायचंय. औंढ्याच्या रस्त्यावर नागपूरची जीप उभी राहणार हाय."

दसऱ्याला आम्ही सोनं लुटतो तेव्हा धम्मानंदची माणसं दीक्षाभूमीला जातात. त्याची माय सोजराबाई दरवर्षी जायची. मग गुडघे गेले आणि जाणं राहिलं. त्या वर्षी मात्र तिनं हट्टच धरला होता: यंदा जमलं तर जमलं, पुढं गुडघे ऐकतील असं वाटत नाही.

वैजनाथनं बाजेवरूनच पाटाकडं बोट केलं. "हे बघ. आज पान्याला हात न्हाई लावत मी."

"मपला पाना घ्या की."

"पाना कोणाचा बी असू दे, हात तर माझाच ना? फिल्टरचा खालचा पेच ढिला कर, पाणी सांडू दे. एक फेरी निघती."

धम्मानंदनं पूजेकडं पाहिलं. "बराबर हाय. देवाचं हाय," म्हणाला आणि गेला. वैजनाथनं कूस बदलली.

फेरी निघाली, पण अर्धीच. पाणी सांडताना पाइपात हवा शिरली होती. ऐन मधे इंजिन बंद पडलं ते पुन्हा धरेचना. वारा बोट पाण्यात बुडालेल्या बाभळींकडं ढकलत राहिला. मासेमारांनी होडीला दोर बांधून बोट ओढत अलीकडच्या काठाला आणली तोवर दिवस कलला होता. रस्त्यावर जीपवाल्यानं पुष्कळ हॉर्न वाजवले म्हणतात. शेवटी बाकीच्यांना घेऊन तो गेला. नवं पांढरं लुगडं नेसलेली सोजराबाई मासेमारांच्याच होडीत बसून परत वाडीला गेली, बोट अलीकडंच राहिली.

दसऱ्याच्या सकाळी हे चहाच्या गाड्यावर कळलं, तेव्हा वैजनाथनं हातातला कप तसाच खाली ठेवला. सोनं लुटायच्या आधीच पाटावरचे पाने पिशवीत भरले. गाड्यावरून मीही त्याच्यामागं आलो होतो; मला म्हणाला, "बस मागं." मी नव्या फिल्टरचा डबा मांडीवर घेऊन बसलो.

धरणाच्या काठावर त्यानं जुनं फिल्टर खोललं. आत दह्यासारखा गाळ, तळाला पाणी. नवं बसवलं, इंजिनावरचा छोटा हातपंप मारून मारून हवेचे बुडबुडे काढले. इंजिन पहिल्याच हिसक्याला धरलं.

"पूजा उचलली का भाऊ?" धम्मानंदनं विचारलं.

"उचलली," वैजनाथ म्हणाला. पुढचं त्याच्या तोंडाशी आलेलं मी पाहिलं. पण तो फडक्यानं हात पुसत बसला.

त्याच बोटीनं पलीकडं गेलो, तर वाडीत सोजराबाईनं आम्हाला चहा दिला. वैजनाथ खाली मान घालून म्हणाला, "माय, माझ्यापायी तुझं जाणं राहिलं."

"तुझ्यापायी कशाचं? तुझ्या देवाचा दिवस व्हता, लेकरा. आमी बी आमच्या दिवसाला कामाला हात न्हाई लावत. पोरं बोटीत तुला शिव्या देऊन राहिली व्हती. धम्मानंदनंच गप केलं तेंला. म्हन्ला, पूजेला बसलेल्या माणसाला बोलू नका."

शिव्या दिल्या असत्या तर वैजनाथ खाऊन मोकळा झाला असता. हे काही त्याला खाता येईना.

"माय, पाना काढला व्हता मी. सकाळीच. मोटारसायकलची चेन ताणायला." मग हळूच म्हणाला, "नंतर जेवण झालं, झोप आली."

सोजराबाईच्या चेहऱ्यावरची माया गेली नाही, पण ती मागं सरकून बसली.

"धम्मानंदला सांगितलं का?"

"न्हाई."

"मंग तेला सांग. तुझी बाजू तेनं घेतली व्हती."

खाली आलो तर बोट भरलेली. धम्मानंदनं इंजिन चालू ठेवलेलं. वैजनाथ त्याच्या कानाशी जाऊन बोलला.

"काय?" धम्मानंद ओरडला. "आयकू न्हाई येऊन राहिलं!"

"पाना काढला व्हता म्हन्लं! खंडेनवमीला! माझ्या गाडीला!"

नेमकं तेव्हाच धम्मानंदनं इंजिन बारीक केलं. शेवटचे शब्द सगळ्या बोटीनं ऐकले. शेळीवाली जनकाबाई, कालची तीच पोरं, सगळी वैजनाथकडं पाहायला लागली आणि मग धम्मानंदकडं.

धम्मानंदचं तोंड उतरलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"फिल्टर तर तुमी बदललं, भाऊ," तो म्हणाला, "पुढल्या वर्सापर्यंत मायचे गुडघे बी बदलून द्या म्हंजे झालं."

वैजनाथ पिशवी पोटाशी धरून उभा राहिला. कोणी त्याला सरकून जागा दिली नाही आणि त्यानंही मागितली नाही.